हाक एकाची, प्रवास सगळ्यांचा

बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात 1805 साली मराठी भाषेचे एक व्याकरण छापले गेले. ते लिहिणारा विल्यम कॅरी हा मूळचा इंग्लंडमधला जोडे शिवणारा कारागीर. स्वतःच्या कष्टाने अनेक भाषा शिकून तो 1793 मध्ये बाप्टिस्ट मिशनरी म्हणून बंगालमध्ये आला. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने 1810 मध्ये मराठीचा कोशही प्रसिद्ध केला. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना कॅरीचे नाव टाळता येत नाही. त्याच्या पत्नीचे, डोरोथीचे नाव मात्र त्या इतिहासात सहसा येत नाही.

लग्नाच्या वेळी डोरोथीला स्वतःची सही करता येत नव्हती. आपले गाव सोडून समुद्रापार जायला तिने प्रथम साफ नकार दिला होता. कॅरी थोरल्या मुलाला घेऊन एकटाच निघाला. जहाजाची व्यवस्था फिसकटली, निघणे लांबले आणि त्या अवधीत तिचे मन वळवण्यात आले. बहीण सोबत येणार असेल तरच येईन, अशी तिची अट होती. तान्हे मूल कडेवर घेऊन ती जहाजात चढली. बंगालमध्ये पोचल्यावर पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आजारी पडून गेला. त्या दुःखातून ती कधी सावरली नाही. तिची बुद्धी भ्रमिष्ट झाली, नवऱ्यावर तिने भलतेसलते आरोप केले, तिला खोलीत बंद ठेवण्याची वेळ आली. 1807 मध्ये ती वारली. ज्या वर्षांत मराठीचे व्याकरण लिहिले जात होते, त्याच वर्षांत त्याच घरात ही बाई बारा-तेरा वर्षांचा वेडाचा काळ काढत होती.

कॅरीला या कहाणीवरून दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि ते अन्यायाचेही होईल. त्याने तिला टाकले नाही. त्या काळात वेड लागलेल्या माणसांना ज्या कोठड्यांत पाठवत, तिथे तिला पाठवले नाही. प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नाही. एका माणसाला आतून हाक येते, तो ती देवाची मानतो आणि निघतो. त्याच्याबरोबर बायको निघते, मुले निघतात. त्यांना ती हाक आलेली नसते. परदेशातील मिशनरी कुटुंबाची सारी सुखे आणि सारे धोके या एका गोष्टीतून निघतात, असे मला वाटते.

मिशनरी म्हणजे बायकामुलांसह आलेला माणूस, हे चित्र आपल्याकडे तुलनेने उशिरा आले. गोव्यात मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट, म्हणजे ब्रह्मचारी. त्यांचे पुराण 1616 मध्ये छापले गेले. कॅथलिक धर्मप्रसारक एकटा येई आणि एकटा मरे. त्याच्या व्रताची किंमत तो स्वतः देई. प्रॉटेस्टंट पंथाने पाद्र्याचे लग्न मान्य केले. स्वतः मार्टिन ल्यूथरने 1525 मध्ये लग्न केले आणि पाद्र्याचे घर हेच धर्माचे एक उदाहरण मानले जाऊ लागले. हे पंथ जेव्हा आशियात आणि आफ्रिकेत पसरू लागले, तेव्हा घरही त्यांच्याबरोबर गेले. एका टेबलाशी जेवणारी नवराबायको, शिकलेली बायको, शाळेत जाणाऱ्या मुली हे सारे उपदेशाइतकेच बोलके असते, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत पुष्कळशी खरी ठरली.

कारण घर असल्याशिवाय जी दारे उघडली नसती, ती बायकांनी उघडली. श्रीरामपुरात हॅना मार्शमन यांनी शाळा चालवली, सगळ्या वसाहतीचे जेवणखाण सांभाळले आणि कॅरीच्या आईच्या देखरेखीविना वाढणाऱ्या मुलांकडेही लक्ष दिले. मुंबईत मार्गारेट विल्सन 1829 मध्ये पती जॉन विल्सन यांच्याबरोबर आल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि सहा वर्षांत, 1835 मध्ये, इथेच वारल्या. अहमदनगरला सिंथिया फरार ही अविवाहित बाई अमेरिकन मराठी मिशनची मुलींची शाळा चालवत असे. ती शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्यात 1848 मध्ये मुलींची शाळा काढताना तिचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. पुरुष मिशनरी एकटेच आले असते, तर त्यांना आपल्या वाड्यांच्या माजघरापर्यंत कोणी पोचू दिले नसते.

मुलांचा आनंद याहून वेगळा आणि अधिक निर्भेळ होता. बंगल्याच्या ओसरीवर आयेच्या मांडीवर बसून ती बोलायला शिकली. आईबापांनी मुन्शी ठेवून, घाम गाळून जी भाषा मिळवली, ती मुलांना खेळता खेळता आली. पर्ल बक ही अमेरिकेत जन्मली, पण अवघ्या तीन महिन्यांची असताना तिला चीनमध्ये नेण्यात आले. ती चिनी दाईच्या गोष्टी ऐकत वाढली आणि चीनच्या शेतकऱ्याचे जगणे जगापुढे ठेवून 1938 मध्ये साहित्याचे नोबेल मिळवती झाली. आपल्याकडे ह्यूम घराणे आहे. रॉबर्ट ॲलन ह्यूम 1847 मध्ये मुंबईच्या भायखळ्यात जन्मले, वडिलांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत वाढले, शिकले आणि 1874 मध्ये परत येऊन त्यांनी उभे आयुष्य अहमदनगरला काढले. त्यांचे मुंबईत जन्मलेले पुतणे रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले. ते 1921 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक दशके अभ्यासकांच्या हाती राहिले. मिशनरी घरात वाढलेल्या जस्टिन ॲबट यांनी उतारवयात महिपतीचा 'भक्तविजय' आणि बहिणाबाईंचे अभंग इंग्रजीत नेले.

या माणसांकडे नीट पाहिले पाहिजे. त्यांचे वाडवडील आले ते शिकवायला, आणि घरातली दुसरी-तिसरी पिढी शिकणारी झाली. इथली भाषा त्यांच्या कानावर लहानपणीच पडली होती, म्हणून इथल्या ग्रंथांकडे ती वैऱ्याच्या नजरेने पाहू शकली नाहीत. मिशनरी कुटुंबाने जगाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी ही आहे, असे मी मानतो. आईबापांच्या प्रवचनांपेक्षा त्यांच्या मुलांच्या कानांनी दोन समाजांना जास्त जवळ आणले.

आता दुसरी बाजू. सगळ्यात आधी दिसतो तो देहाचा धोका. अमेरिकेतून हिंदुस्थानकडे निघालेल्या पहिल्या मिशनरी तुकडीत हॅरिएट नेवेल ही तरुण बाई होती. फेब्रुवारी 1812 मध्ये ती सेलमच्या बंदरातून निघाली. कलकत्त्यात कंपनी सरकारने राहू दिले नाही, म्हणून नवराबायको मॉरिशसकडे वळले. वाटेत जहाजातच तिचे नवजात मूल गेले आणि 30 नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये ती स्वतः गेली. वय वर्षे 19. तिचा नवरा सॅम्युअल नेवेल पुढे मुंबईला आला आणि 1821 मध्ये इथेच वारला. त्याचा सहकारी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत पोचला होता. मार्च 1826 मध्ये नाशिक-त्र्यंबक भागातील दौऱ्यात पटकीने एका खेड्यात त्याला गाठले. बायकामुले आदल्या वर्षीच अमेरिकेला रवाना झाली होती; शेवटच्या घटकेला त्यांतले कोणी जवळ नव्हते. पर्ल बकच्या आईला सात मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. आज मिशनच्या जुन्या दफनभूमींतून हिंडताना लहान थडगी मोठ्यांच्या बरोबरीने दिसतात, त्यामागे हा हिशेब आहे.

हॅरिएट नेवेलच्या बाबतीत पुढे जे घडले, ते मला तिच्या मृत्यूपेक्षाही विचार करायला लावणारे वाटते. दोन वर्षांत तिच्या आठवणींचे पुस्तक अमेरिकेत निघाले आणि घरोघरी वाचले गेले. ते वाचून अनेक तरुण मुली मिशनरी होण्यासाठी पुढे आल्या. एका मुलीच्या अकाली मरणाने पुढच्यांना सावध करायला हवे होते; त्याने त्यांना बोलावून घेतले. मरणाला हौतात्म्याचे तेज चढले की मरणाची कारणे तपासण्याची गरज उरत नाही. बाळंतपणाच्या तोंडावर जहाजाचा प्रवास का करावा, हा साधा प्रश्न त्या तेजात दिसेनासा होतो.

डेव्हिड लिव्हिंग्स्टनची गोष्ट याच जातीची आहे. 1850 मध्ये त्याने गरोदर पत्नी मेरी आणि लहान मुले यांना बैलगाडीतून कालाहारीच्या वाळवंटापार नेले. परतल्यावर जन्मलेली मुलगी थोड्याच आठवड्यांत गेली. 1852 मध्ये त्याने बायकामुलांना ब्रिटनला धाडून दिले आणि स्वतः आफ्रिका पालथी घालायला निघाला. मेरीने ती वर्षे गरिबीत, एका घरातून दुसऱ्या घरात हलत काढली. ती पुन्हा त्याच्याकडे गेली तेव्हा 1862 मध्ये झांबेझीच्या काठी तापाने वारली. थोरला मुलगा रॉबर्ट अमेरिकेच्या यादवी युद्धात खोटे नाव घेऊन लढायला गेला आणि तिथेच मेला. लिव्हिंग्स्टनची गुलामांच्या व्यापाराविरुद्धची कामगिरी मोठी आहे आणि ती कोणी पुसू नये. पण त्या कामगिरीची किंमत कोणी मोजली, हे तिच्या शेजारी लिहून ठेवले पाहिजे.

हिंसेचा धोका आणखी निराळा. चीनमध्ये परदेशी लोकांविरुद्ध झालेल्या 1900 च्या बॉक्सर उठावात एकट्या चायना इनलँड मिशनची 58 मोठी माणसे आणि 21 मुले मारली गेली. त्या मुलांचा कोणत्याही साम्राज्याशी, तहाशी, बंदराशी काही संबंध नव्हता. आपल्या देशात 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावी मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, जीपमध्ये झोपले असताना जाळून मारले गेले. स्टेन्स 1965 पासून बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. मुले उटीच्या शाळेतून सुट्टीवर आली होती. गुन्हेगार दारा सिंग याची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि काही वर्षे त्या मुलीसह इथेच राहून रुग्णसेवा करत राहिल्या. धर्मांतराबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्या रात्रीला कसलेही समर्थन नाही. बापाच्या धर्माबद्दलचा राग मुलांवर काढणारा समाज स्वतःचाच धर्म हरवून बसतो.

मात्र मिशनरी कुटुंबांच्या बलिदानाची गाथा सांगताना एक चूक वारंवार होते: स्थानिक ख्रिस्ती लोकांचा विसर पडतो. बॉक्सर उठावात परदेशी मिशनऱ्यांहून कितीतरी पटींनी जास्त, हजारोंच्या संख्येने, चिनी ख्रिस्ती मारले गेले. त्यांच्यासाठी जहाज नव्हते आणि मायदेशी परत जायची वाटही नव्हती. त्यांचा मायदेश तोच होता. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जी ताटातूट आली ती त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त सगळ्यांनी वाचली आहे. पाच वर्षांनी, 1900 मध्ये, लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून तो धर्म स्वीकारला. नवऱ्याला आलेली हाक बायकोची होण्यासाठी वेळ लागतो, आणि ती कदाचित कधीच तिची होणार नाही, हे मान्य करण्याचा मोठेपणा लागतो. 'स्मृतिचित्रे' इतके जिवंत वाटते, कारण त्यात त्या बाईला स्वतःचे मन आहे आणि ते ती कोणाला गहाण टाकत नाही.

रोग आणि दंगे यांहून खोल धोका ताटातुटीचा होता, आणि तो मिशनने स्वतःच नियम म्हणून स्वीकारला होता. उष्ण हवेत गोऱ्या मुलाची वाढ होत नाही, शिवाय ते नोकरांत राहून बिघडते, अशी समजूत होती. म्हणून सहा-सात वर्षांचे झाले की मूल विलायतेला पाठवायचे. नाशिकला काम केलेल्या चार्ल्स फरार या मिशनऱ्याचा मुलगा फ्रेडरिक 1831 मध्ये मुंबईच्या कोटात जन्मला. तीन वर्षांचा असताना तो इंग्लंडला दोन अविवाहित आत्या-मावश्यांकडे गेला. पुढे तो कँटरबरीचा डीन झाला. त्याने 1858 मध्ये लिहिलेली 'एरिक' ही कादंबरी इंग्लंडच्या शाळाशाळांतून वाचली गेली. तिचा नायक आईबाप हिंदुस्थानात असलेला, वसतिगृहात हळूहळू वाहवत जाणारा मुलगा आहे. लेखकाला ही गोष्ट कुठून सुचली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. 1908 मध्ये अशाच एका शाळेत तिएनत्सिनला जन्मलेला सहा वर्षांचा एरिक लिडेल आणि त्याचा आठ वर्षांचा भाऊ यांना ठेवून आईबाप चीनला परतले. हाच एरिक 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटरचे सुवर्णपदक जिंकला आणि पुढच्याच वर्षी स्वतः मिशनरी होऊन चीनला गेला. युद्ध जवळ आले तेव्हा, 1941 मध्ये, त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले आणि स्वतः मागे राहिला. जपान्यांच्या वेइशिएन छावणीत तो कैद झाला. तिथे त्याने आईबापांविना अडकलेल्या मुलांना शिकवले, त्यांचे खेळ लावले. फेब्रुवारी 1945 मध्ये मेंदूच्या गाठीने तो गेला. तिसरी मुलगी त्याने कधी पाहिलीच नाही.

त्याच छावणीत चिफू येथील मिशन शाळेची मुले होती. चायना इनलँड मिशनने 1881 मध्ये काढलेली ही शाळा. आईबाप चीनच्या आतल्या प्रांतांत, मुले समुद्रकाठच्या शाळेत, आणि मध्ये युद्ध. काही मुलांना पाच वर्षांहून अधिक काळ आईबापांचे तोंड दिसले नाही. 17 ऑगस्ट 1945 ला अमेरिकन सैनिक छत्र्यांनी उतरले, तेव्हा ती सुटली. या मुलांपैकी अनेकांनी पुढे त्या शिक्षकांबद्दल कृतज्ञतेने लिहिले; त्यांनी छावणीतही वर्ग भरवले, परीक्षा घेतल्या, शिस्त आणि आशा टिकवली. चांगल्या माणसांच्या हाती पडलेली मुले अशा संकटातूनही निभावतात, हे खरे आहे.

पण वसतिगृहात सगळीच माणसे चांगली नसतात. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात मामू येथे एका अमेरिकन मिशन संस्थेची मुलांसाठी निवासी शाळा होती. तिथे शिकलेल्यांनी मोठेपणी तोंड उघडले, आणि 1990 च्या दशकात झालेल्या स्वतंत्र चौकशीत तिथे मुलांचा शारीरिक, मानसिक आणि लैंगिक छळ झाल्याचे पुढे आले. मुले तेव्हाच का बोलली नाहीत? आईबाप दूर होते हे एक कारण. दुसरे कारण जास्त भयंकर आहे. आईबाप देवाचे काम करत आहेत, आपण तक्रार केली तर त्यांना ते सोडून यावे लागेल आणि कितीतरी माणसे तारणाला मुकतील, असे ओझे या मुलांच्या मनावर असते. आईबापांच्या प्रेमात आपला प्रतिस्पर्धी देव आहे, असे ज्या मुलाला वाटते, त्याने दाद कोणाकडे मागायची?

ध्येयवादी माणसांच्या घरात हाच खरा धोका आहे. दारुड्या बापाच्या विरुद्ध मूल रागावू शकते. शेजारीही त्याच्या बाजूने बोलतात. संत बापाच्या विरुद्ध रागावायची सोय नसते. पर्ल बकने आईवडिलांची दोन चरित्रे 1936 मध्ये प्रसिद्ध केली. वडिलांच्या चरित्रात त्यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे आणि त्या निष्ठेने घराकडे पाठ कशी फिरवली याची खोल जखमही आहे. 1932 मध्ये न्यूयॉर्कला भर सभेत तिने परदेशी मिशनकार्याच्या अहंकारावर बोट ठेवले. त्यावरून वादळ उठले आणि पुढच्या वर्षी तिने मिशनचा राजीनामा दिला. ती हे बोलू शकली, कारण ज्यांच्यासाठी मिशन आले असे म्हटले जात होते, त्या माणसांत ती वाढली होती. 1927 मध्ये नानकिंगला परदेशी लोकांवर हल्ले झाले, तेव्हा तिच्या कुटुंबाला एका गरीब चिनी बाईने आपल्या झोपडीत लपवून वाचवले होते.

पॉल ब्रँड यांची गोष्ट सुखाची आणि दुःखाची एकत्र आहे. 1914 मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरावर त्यांचा जन्म झाला. झाडावर चढणे, ओढ्यात डुंबणे, डोंगरातल्या मुलांबरोबर हिंडणे यात बालपण गेले. नवव्या वर्षी बहिणीसह ते इंग्लंडला शिकायला गेले. सहा वर्षांनी, 1929 मध्ये, वडील जेसी ब्रँड तापाने डोंगरावरच वारले. मुलाची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नव्हती. तरीही पॉल ब्रँड परतले. वेल्लोरच्या रुग्णालयात त्यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून हजारोंना पुन्हा काम करण्याजोगे बनवले. आई एव्हलिन म्हातारपणी मिशनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावरही पुन्हा डोंगरात गेल्या आणि 1974 पर्यंत, म्हणजे वयाच्या 95व्या वर्षापर्यंत, तिथल्या लोकांत राहिल्या. ज्या वेल्लोरला ब्रँड गेले, ती संस्था उभारणाऱ्या आयडा स्कडर यांनाही लहानपणी आईबापांनी अमेरिकेत नातेवाइकांकडे ठेवले होते. मिशनरी व्हायचे नाही, हे त्यांनी तेव्हा पक्के ठरवले होते. नंतर त्या आल्या, त्या स्वतःच्या निर्णयाने.

अशा उदाहरणांवरून कोणी म्हणेल की ताटातुटीने मुले कणखर झाली, त्यातूनच मोठी माणसे घडली. हा युक्तिवाद मला मान्य नाही. आपण ज्यांची नावे घेतो, ती तरलेली मुले. कॅरीचा पीटर, डोरोथीचे मन, रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांची बाजू मांडायला कोणी उरलेले नाही. शिवाय जी तरली, त्यांनाही घर कुठे हा प्रश्न जन्मभर राहिला. 1950 च्या दशकात भारतातील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या रूथ आणि जॉन यूसीम या समाजशास्त्रज्ञांनी अशा मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' म्हटले: आईबापांच्या देशातली पूर्णपणे नाहीत, वाढली त्या देशातलीही पूर्णपणे नाहीत. आज नोकरीपायी दुबई, सिंगापूर, न्यू जर्सी अशी हलणारी मराठी कुटुंबे हा अनुभव ओळखतील. फरक एवढाच की नोकरीसाठी हललेल्या बापाला मूल विचारू शकते, बाबा, आपण इथे का आलो? मिशनरी बापाला तो प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेलाच प्रश्न विचारणे ठरते.

आता परिस्थिती बदलली आहे. विमाने आहेत, फोनवर रोज तोंडे दिसतात, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम अनेक संस्थांनी केले आहेत. मिशनरीही आता केवळ पश्चिमेकडून निघत नाहीत. तमिळनाडूतून, मिझोराममधून, नागालँडमधून कुटुंबेच्या कुटुंबे उत्तर आणि मध्य भारतात जातात. भाषा, अन्न, हवा सारेच त्यांना परके असते. देशातल्या देशात असूनही त्यांच्या मुलांपुढे तेच प्रश्न उभे राहतात: कोणत्या भाषेत शिकायचे, कोणत्या गावाला आपले म्हणायचे, वर्षातले किती महिने आईजवळ राहायचे. त्यांच्यासाठीही दूरच्या निवासी शाळा आहेत. इतिहासापासून शिकायचे असेल, तर या शाळांनी आणि संस्थांनी चिफूकडून जेवढे शिकावे, तेवढेच मामूकडूनही शिकावे.

हा विषय केवळ ख्रिस्ती मिशनांचा नाही, म्हणून मराठी वाचकासमोर तो मांडावासा वाटला. महाराष्ट्राला ध्येयवेड्या माणसांचे फार प्रेम आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या माणसांच्या घरातल्यांची चौकशी आपण क्वचित करतो. बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' किंवा साधनाताई आमटे यांची 'समिधा' वाचल्यावर कळते की मोठ्या कामाचा संसार कोणी ओढला. त्याच वेळी हेमलकशाचे उदाहरण एक वाट दाखवते. तिथे 1973 मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांची मुले माडिया मुलांच्याच आश्रमशाळेत शिकली. ज्या लोकांसाठी काम करायचे, त्यांच्या मुलांसाठी काढलेली शाळा आपल्या मुलांसाठीही पुरेशी चांगली करायची, ही कसोटी मला फार मोलाची वाटते. त्या काळच्या मिशनच्या बंगल्याने ती क्वचितच पार केली. लोकांच्या मुलांसाठी एक शाळा आणि आपल्या मुलांसाठी समुद्रापारची दुसरी, असे दोन हिशेब ठेवल्यामुळे आपली मुले दुरावली आणि लोकही दुरावले.

त्याग हे मोठे मूल्य आहे, पण त्याला एक अट आहे. तो स्वतःच्या मालकीच्या गोष्टीचाच करता येतो. स्वतःची झोप, पैसा, आरोग्य, प्राणसुद्धा माणूस देऊ शकतो. बायकोचे मन आणि मुलाचे बालपण त्याच्या मालकीचे नसते. ते त्याने अर्पण केले तर तो त्याग ठरत नाही, ती दुसऱ्याच्या वस्तूची उधळण ठरते. आपले मूल वेदीवर चढवण्याची तयारी दाखवणाऱ्या अब्राहामाची गोष्ट बायबलात आहे. पण त्याच गोष्टीत देव शेवटच्या क्षणी त्याचा हात धरतो, हा तिचा अर्धा भाग धर्मप्रसाराच्या उत्साहात अनेकांच्या ध्यानातून सुटला.

म्हणून ज्याला हाक आली असेल, त्याने जरूर जावे. रोग्यांची सेवा करायला, शिकवायला, आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला, परक्या देशात राहायला माणसे जात राहिली नाहीत, तर जग आणखी कोते होईल. पण निघण्यापूर्वी जोडीदाराला विचारावे, आणि त्याचा नकार हे उत्तर म्हणून घ्यावे. मुले मोठी होतील तसतसे त्यांना पुन्हा पुन्हा विचारावे. पाठवणाऱ्या संस्थांनी कामगिरीच्या अहवालात किती शाळा, किती रुग्ण, किती बाप्तिस्मे हे लिहिण्याआधी त्या घरातली मुले कशी आहेत हे लिहावे, आणि ती ठीक नसतील तर कुटुंबाला परत बोलवावे. परत येणे म्हणजे पराभव नाही, हे मंडळींनी आणि आपणही शिकले पाहिजे. आपल्या घरातल्या लेकराला जे प्रेम परवडत नाही, ते जगाला वाटायचा कोणालाही अधिकार नाही.